बारदाना धरून सात किलो

मोताळ्यात कोणाच्या घरी बाळ झालं की दवाखान्यातून आल्यावर चार-आठ दिवसांत ते एकदा तरी सहदेव मापाऱ्यांच्या हातात जातं. सहदेवभाऊ बाळाला दोन्ही तळव्यांवर घेतात, डोळे मिटतात, हात जरासे खालीवर करतात आणि सांगतात, "दोन किलो नऊशे. दुपटं वजा." दवाखान्याच्या कागदावरही तेच असतं. कधी वीस-तीस ग्रॅमचा फरक निघाला तर लोक म्हणतात, दवाखान्याच्या काट्यात काहीतरी गडबड असेल.

तेहेतीस वर्षं ते बाजार समितीत मापारी होते. माल आला, हर्रास म्हणजे लिलाव झाला, की पोतं काट्यावर चढायचं, सहदेवभाऊ वजन पुकारायचे आणि मग पोत्याचं स्वतःचं वजन, म्हणजे बारदाना, त्यातून वजा करून काटापट्टी लिहायचे. वरती भरती वजन, खाली बारदाना, आणि सगळ्यात खाली दोन रेघा मारून निव्वळ. बारदाना वजा झाल्याशिवाय वजन हे वजनच नव्हे, असा त्या आवाराचा कायदा. तेहेतीस वर्षांत त्यांच्या काटापट्टीवर कोणी बोट ठेवलं नाही. शेतकरी नाही, अडत्या नाही, आणि दोघांशीही भांडायला टपलेले हमाल तर नाहीच.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण हात काही निवृत्त झाला नाही. त्यांच्या पत्नी चांगुणाबाईंनी बाजारातून येऊन पिशवी ओट्यावर ठेवली की सहदेवभाऊ ती सहज उचलल्यासारखी करायचे.

"वांगे पाऊण किलोच दिसते. किलोचे म्हणत होती न तू?"

"हाव," चांगुणाबाई म्हणायच्या. "पाव किलो रस्त्यात खाल्ले म्या. कच्चेच."

त्यांची एकुलती एक मुलगी समता. बाप जोखायचा ते वजन, मुलगी जोखते ती प्रत. नागपूरला कापडधंद्याचा डिप्लोमा करून ती गावाजवळच्या कापसाच्या जिनिंगमध्ये लागली आणि वर्षभरात मालकांना कळलं की या पोरीच्या बोटांत काहीतरी आहे. रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, चिमूट दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढायची, धागे सरळ करायचे, काळ्या मखमलीच्या तुकड्यावर ठेवून पट्टीने लांबी पाहायची, हे शिकून सगळ्यांनाच येतं. समता ओढायच्या आधीच लांबी सांगायची. जिनिंगचे मालक भगवानराव जुन्या वळणाचे जमीनदार, पण माणूस ओळखणारे. त्यांची रुई बाहेरदेशी जायला लागली तेव्हा नमुने घेऊन जायचं काम त्यांनी समताला दिलं. ढाका, इझमिर, हनोई. पहिल्यांदा विमानात बसली तेव्हा अर्धी गल्ली मलकापूर स्टेशनपर्यंत पोचवायला आली होती. आता तीन वर्षांत अकरा वाऱ्या झाल्या होत्या आणि गल्लीतल्या बाया नळावर एवढंच विचारायच्या, "काऊन वं चांगुणा, पोरगी घरी हाय का ढगात?"

या सगळ्यात मोठी अडचण नमुन्यांची. गिऱ्हाईक फोटो पाहून रुई घेत नाही. त्याला हातात धरून ओढून पाहायची असते. कुरिअरने पाठवलेले नमुने दोनदा तिकडच्या कस्टमच्या कचेरीत अडकले. म्हणून समता प्रत्येक लॉटची रुई कागदात गुंडाळून, वर नंबर टाकून, सोबत न्यायची. मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मध्ये बारा गुंडाळ्या, आणि ती मोठी बॅग विमानाच्या पोटात.

मागच्या खेपेला हनोईला समता उतरली आणि बॅग उतरलीच नाही. ती भलत्याच देशात हवापालट करून चौथ्या दिवशी आली. मधल्या दिवसांत समताने गिऱ्हाइकासमोर रिकाम्या हातांनी बसून मोबाइलमधले फोटो दाखवले. शेजारच्या खुर्चीवरच्या दुसऱ्या व्यापाऱ्याने आपली रुई टेबलावर पसरली आणि सौदा करून गेला.

भगवानराव रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. ते म्हणाले, "समताबाई, एक बार होते. माणूसबी हरपते, तं बॅगचं काय. त्या पार्टीनं पुढच्या महिन्यात आखिन बोलावलं. पण या टाइमालेबी नमुने हातात नसले, तं मंग मी गोकुळले पाठवीन. आपल्याले पार्टी सांभाळाव लागते."

गोकुळ म्हणजे त्यांचा पुतण्या. गोकुळला इंग्रजी येत होतं, सूट होता, फक्त कापूस येत नव्हता. समताने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सहदेवभाऊ चहाचा कप घेऊन बसले होते. त्या दिवशी त्यांनी चहात साखर आहे की नाही हेही सांगितलं नाही, यावरून चांगुणाबाईंना कळलं की गोष्ट आत गेली आहे.

समताने ठरवलं, आता विमानाच्या पोटात काहीच द्यायचं नाही. जे काही ते एकाच छोट्या बॅगेत, आणि ती बॅग डोक्यावरच्या कप्प्यात, नजरेसमोर. त्याचे नियम तिने कागदावर उतरवून भिंतीला लावले. लांबी पंचावन्न सेंटिमीटर, रुंदी पस्तीस, जाडी पंचवीस. वजन सात किलो. लॅपटॉपची खांद्यावरची पिशवी वेगळी.

सहदेवभाऊंनी चष्मा लावून कागद वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे माह्याकडं," ते म्हणाले. "वजनाचं तू पाहूच नको."

बॅग घ्यायला बाप-लेक राजूरचा घाट चढून बुलढाण्याला गेले. प्रेमानंदचं बॅगांचं दुकान चांगलं मोठं. समोर शाळेची दप्तरं, आत लग्नातल्या पेट्या आणि सगळ्यात आत, काचेमागे, विमानाच्या बॅगा. प्रेमानंद बोलका माणूस. विमानात तो स्वतः कधी बसला नव्हता, पण बॅगा अशा दाखवायचा की जणू काल संध्याकाळीच उतरला.

समता टेप घेऊन एकेक बॅग मोजत होती. चाकं धरून मोजायची, कारण तिकडे चाकं धरूनच मोजतात. प्रेमानंदच्या चार बॅगा चाकांवरच नापास झाल्या. तिला एक करड्या रंगाची कापडी बॅग आवडली होती. दोन चाकं, समोर कागद ठेवायला कप्पा, वरून पूर्ण उघडणारी.

सहदेवभाऊंनी ती दोन बोटांनी दाबली. बॅग दबली.

"हे तं थैली हाय," ते म्हणाले. "यात शेंगदाणे भराव. नमुने नाही."

"बाबा, हलकी हाय न पण."

"हलकं पोतं पयले फाटते, बाई. तेहेतीस वर्षं पाह्यलं म्या."

मग त्यांनी निळ्या, कडक, चार चाकांच्या बॅगेवर टकटक केलं. कलिंगड वाजवून पाहावं तसं कान लावून ऐकलं. तिला आडवी केली आणि प्रेमानंद "काका, काका" म्हणेपर्यंत तिच्यावर बसलेसुद्धा. बॅगेने हूं की चूं केलं नाही.

"हे म्हणते बॅग," बसल्या बसल्या सहदेवभाऊ म्हणाले.

तेवढ्यात समताला जिनिंगमधून फोन आला. कुठल्या तरी लॉटमध्ये ओलावा निघाला होता. ती बोलत बोलत दुकानाबाहेर गेली. प्रेमानंद प्रामाणिक होता. त्याने सांगून पाहिलं.

"काका, एक गोष्ट सांगून ठेवतो. हे निळी रिकामीच तीन किलो दोनशे भरते. ते करडी दोन किलोच्या अंदर हाय."

"अरे बाप्पा," सहदेवभाऊ हसले, "बारदान्याचं वजन मले काऊन सांगून राह्यला? मालाचं सांग. बारदाना वजाच होते न."

प्रेमानंदला वाटलं, एवढे जुने मापारी आहेत, विमानवाल्यांचंही त्यांना माहीत असेल. त्याने बिल करायला घेतलं. समता परत आली तेव्हा बाप बॅगेचं हँडल वरखाली करत होता. इतकं खूश तिने त्यांना निवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "घ्या मंग."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बॅग भरायचं काम सहदेवभाऊंनी अंगावर घेतलं. माळ्यावरचा हुकाचा काटा काढला, पुसला, ओसरीच्या आड्याला दोरीने टांगला. समता जिनिंगमध्ये शेवटच्या गुंडाळ्या करत होती. चांगुणाबाई एकेक वस्तू आणून देत होत्या आणि सहदेवभाऊ "लाभ" म्हणून सुरुवात करून, मग दोन, तीन, असं मोजत आत ठेवत होते. बाजारात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. सूट-पँट, कुर्ते, बूट, कागदपत्रांची जाडी फाइल, मखमलीचा तुकडा, पट्टी, चार्जर. वरती निम्मी जागा गुंडाळ्यांना मोकळी ठेवली. रुई वजनाला काहीच नाही, पण जागा मात्र पाहुण्यासारखी खाते.

मध्ये एकदा ते मागीलदारी पाणी प्यायला गेले आणि येऊन बॅग जराशी उचलली.

"यात काय टाकलं?"

"कुठं काय?" चांगुणाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या.

"नऊशे ग्रॅम वाढले."

"जवसाची चटणी हाय आन् दशम्या हायेत. पोरगी तथी काय खाईन? मागच्या खेपी गोगलगायी पाह्यल्या म्हणे तिनं ताटात."

सहदेवभाऊंनी विचार केला. मग एक कुर्ता आणि केस वाळवायचं यंत्र बाहेर काढलं आणि चटणी-दशम्या राहू दिल्या.

संध्याकाळी समताने बारा गुंडाळ्या आणल्या. त्या ठेवल्या, चेन लावली, बॅग हुकाला लटकवली. काटा दहा किलो एकशे चाळीसवर थांबला. सहदेवभाऊंनी हातातल्या कागदावर, सवयीने, पूर्ण काटापट्टी लिहिली. भरती दहा एकशे चाळीस. बारदाना तीन दोनशे. दोन रेघा. निव्वळ सहा नऊशे चाळीस. कागदाची घडी करून बॅगेच्या बाहेरच्या खिशात सरकवली, जसं प्रत्येक पोत्याबरोबर देत आले होते.

"बाबा, सातात बसलं?" समताने आतून विचारलं. ती पासपोर्ट शोधत होती.

"सातात साठ ग्रॅम कमी."

"वा!" ती म्हणाली. बापाने वजन सांगितलं की त्या घरात ते पुन्हा कोणी पाहत नसे.

ती गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, सहदेवभाऊ ओसरीवर खाटेवर पडले होते आणि चांगुणाबाई समोर तूर निवडत बसल्या होत्या. समताचा फोन आला. विमानतळावरूनच.

"बाबा," ती म्हणाली. आवाज हळू होता, आजूबाजूला लोक असताना माणूस बोलतो तसा. "बॅग दहा किलो एकशे चाळीस भरली."

"मंग?" सहदेवभाऊ म्हणाले. "बरोबरच हाय. तेवढीच हाय ते."

"बाबा, सात पाह्यजे होती."

"निव्वळ सातच्या अंदरच हाय न. बाहेरच्या खिशात काटापट्टी ठेवली म्या. दाखव त्यायले."

फोनच्या पलीकडे थोडा वेळ नुसता गलबला ऐकू आला. मग समता म्हणाली, "दाखवली."

"मंग काय म्हणते?"

"थे काउंटरवरची बाई म्हणते, हे काय आहे."

"तिले सांग, बारदाना वजा केलेला हाय."

"बाबा!" समता आता जवळजवळ रडवेली झाली होती. "इथं बारदाना वजा नाही करत! बॅग धरून सात किलो असते! बॅगसकट!"

सहदेवभाऊ खाटेवर उठून बसले. बॅगेचं वजन मालात धरायचं म्हणजे पोत्याला कापसाचा भाव लावायचा. असं कोणी करतं, ही गोष्टच त्यांच्या डोक्यात शिरायला जागा नव्हती. बाजारात असं कोणी केलं असतं तर त्यांनी स्वतः काटा बंद पाडला असता.

"त्यायच्या काट्याचा पासंग..." ते अर्धवट बोलले, आणि त्यांना आठवलं की काट्याने तर त्यांनीच केलेलं वजन बरोबर ठरवलं आहे. ग्रॅमचाही फरक नाही.

चांगुणाबाईंनी सूप खाली ठेवलं. "काय झालं?"

"बॅगचं वजन धरते म्हणते थे लोक."

चांगुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तेहेतीस वर्षं लोकायच्या पोत्याचा बारदाना वजा केला, तसा पोरीच्या पेटीचाबी केला का तुमी?"

सहदेवभाऊंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा, थे म्हणते बॅग खाली द्या," समता सांगत होती. "म्हणजे आखिन विमानाच्या पोटात. आखिन तसंच. माह्या मागं लाइन हाय, लोक पाहून राह्यले. काय करू सांगा. बाबा?"

तेहेतीस वर्षांत कोणी बोट ठेवलं नव्हतं आणि आज ठेवलं ते पोटच्या पोरीने, तेही हजार माणसांत उभं राहून. पण माणूस गडबडला तरी सवय गडबडत नाही. सहदेवभाऊंनी डोळे मिटले, तळवे पुढे केले. ओसरीवर काहीच नव्हतं, तरी ते हात जरासे खालीवर झाले.

"नमुने बाराच्या बारा मिळून एक किलो दोनशे," ते म्हणाले. "फाइल नऊशे. मखमल आन् पट्टी दोनशे. किती झाले? दोन किलो तीनशे. बस. तुह्या कामाचं एवढंच हाय, समता. बाकी बूट-कपडे, चार्जर आन् तुह्या मायच्या दशम्या, ते गेलं तं जाऊ दे."

"म्हणजे?"

"बारदाना त्यायले दे. माल तू ठिव."

मग समता म्हणाली, "ठिवू कशात? दुसरी बॅग नाही माह्याजवळ. लॅपटॉपच्या पिशवीत दोनच्या वर बसत नाहीत. बारा गुंडाळ्या हायेत बाबा, उशीएवढं होते हे."

वजन सहदेवभाऊंना कळत होतं, पण वस्तू वाहायची कशात, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर हमालांवर सोडला होता. चांगुणाबाईंनी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

"समता, ओढणी हाय का अंगावर?"

"हाय. काऊन?"

"मंग झालं. तिचे चारी कोन सारखे कर, दुहेरी घडी घाल, मध्यात गुंडाळ्या ठिव आन् आडव्या-उभ्या दोन गाठी मार. दाबू नको लय. म्या दहा वर्षं लोकायच्या वावरातून कापूस याच्यातच आणला. एक बोंड सांडलं नाही."

"माय, हे विमानतळ हाय! इथं मी गाठोडं घेऊन फिरू? लोक काय म्हणतीन?"

"काय म्हणतीन? तथी तुले पाहाले पोरगा येऊन राह्यला का? बांध लवकर."

फोन बंद झाला. चांगुणाबाईंनी तो खाटेवर ठेवला आणि पुन्हा तूर निवडायला बसल्या, जशी काही ओढणीत रुई बांधून हनोईला नेणं ही रोजचीच गोष्ट. सहदेवभाऊ मात्र ओसरीवर फेऱ्या मारायला लागले. दहाव्या फेरीला मोबाइलवर फोटो आला. समता खुर्चीवर बसली होती, मांडीवर पिवळ्या ओढणीचं गाठोडं, गाठी दोन, आडवी आणि उभी. बाजूला एक सुटातला माणूस त्या गाठोड्याकडे असा पाहत होता की जणू आत कोंबडी असावी.

"गाठ सैल मारली," चांगुणाबाई फोटो पाहून म्हणाल्या. "पण चालन."

दोन दिवस सहदेवभाऊ घराबाहेर पडले नाहीत. बाजार समितीच्या चहाच्या टपरीवर लोक त्यांची वाट पाहत असतील हे त्यांना ठाऊक होतं. निळ्या बॅगेची गोष्ट त्यांनी तिथे आठ दिवस सांगितली होती, तिच्यावर बसून दाखवण्यापर्यंत. आता ते पेपर वाचायचे आणि तेच पान दोनदा वाचायचे. मनात एकच हिशेब चालला होता. नमुने पोचले तर पोरीचं काम राहील. नाही पोचले, मध्ये कोणी गाठोडं अडवलं, कागद मागितले, उघडून विस्कटलं, तर पुढच्या महिन्यात गोकुळ सूट घालून जाईल, आणि ते होईल आपल्या काटापट्टीमुळे.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. सहदेवभाऊंनी तो चांगुणाबाईंच्या हातात दिला. "तूच बोल."

समता भराभर बोलत होती. गाठोडं तपासणीच्या यंत्रातून दोनदा गेलं. एका पोलिसाने गाठ सोडायला लावली, रुई पाहिली, कागद पाहिले आणि "कुठली?" असं विचारून पुन्हा बांधायला मदतसुद्धा केली. त्याने गाठ तिच्यापेक्षा चांगली मारली. गिऱ्हाइकाकडचे जे म्हातारे परीक्षक होते, त्यांनी टेबलावर ओढणी सोडताना काही विचारलं नाही, नुसत्या गुंडाळ्या ओळीने लावल्या आणि दोन तास एकेक ओढून पाहत बसले. बारापैकी नऊ लॉट पसंत. तीन नापसंत, त्यातले दोन नापसंत होतील हे समताला आधीच माहीत होतं. तिसऱ्याबद्दल तिने वाद घातला आणि ती हरली.

"आन् बॅग?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"बॅग आली माय, माह्यासोबतच आली. पण एक चाक तुटलं. तीन चाकं राह्यले."

चांगुणाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुमी बसले तरी काही झालं नाही म्हणत होते न?"

समता परतली त्या आठवड्यात भगवानरावांनी तिला बोलावलं. पुढच्या महिन्यात इझमिर, त्याच्यानंतर पुन्हा हनोई. गोकुळला त्यांनी जिनिंगच्या कचेरीत बसवलं होतं. "पत्रं झकास लिहिते बेटा," ते म्हणाले, "पण परवा म्या त्याच्या हातात रुई देली, तं त्यानं वास घेतला."

घरी येऊन समता म्हणाली, "बाबा, उद्या बुलढाण्याले जाऊ. बॅग घ्याची हाय."

"तू जाय," सहदेवभाऊ म्हणाले. "तुह्या मायले ने."

"तुमी काऊन नाही?"

"मले त्यातलं समजत नाही." हे वाक्य त्यांनी इतक्या हळू म्हटलं की समताला ते दोनदा ऐकावं लागलं. ती खाटेच्या काठावर बसली.

"बाबा, तुमचं वजन चुकलंच नव्हतं. दहा एकशे चाळीस म्हणजे दहा एकशे चाळीस. थे बाई काट्याकडं पाहे अन् कागदाकडं पाहे. तिनं म्हटलं, कोणी मापलं हे? म्या सांगितलं, माह्या बापानं. नियम ठाव नव्हता तुमाले, एवढंच. अन् म्याबी कुठं सांगितला? भिंतीवर 'सात किलो' लिहून मोकळी झाली. आन् त्या तिसऱ्या लॉटचं तं माह्याकडूनबी चुकलंच न तथी."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसून सहदेवभाऊ तिच्या आधी दारात उभे होते.

प्रेमानंदच्या दुकानात करडी बॅग होती त्याच जागी होती. सहदेवभाऊंनी तिला हात लावला नाही. ते स्टुलावर बसून राहिले. समताने बॅग उघडली, झाकली, चाकं धरून मोजली, खांद्यावर घेऊन पाहिली, आतले कप्पे चाचपले. वरून पूर्ण उघडत होती, म्हणजे नमुने काढायला कपडे उपसावे लागणार नव्हते. बारा गुंडाळ्यांएवढ्या वर्तमानपत्राच्या गुंडाळ्या करून तिने आत ठेवून पाहिल्या. प्रेमानंदने हौसेने त्याचे जुने पेपर दिले. तळाचं कापड थोडं पातळ आहे, तिथे मजबुती करून घ्यावी लागेल, असं ती म्हणाली, तेव्हा सहदेवभाऊंच्या जिभेवर काहीतरी आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"घेऊ?" तिने विचारलं.

"तुले ठीक वाटते न?"

"हाव."

"मंग घे."

समता गल्ल्याकडे गेली. तेवढ्यात साखरखेर्ड्याहून आलेलं एक जोडपं आत शिरलं. मुलगा दुबईला नोकरीला चालला होता. बाईला लाल बॅग आवडली होती आणि बुवा, टोपी मागे सारून, एका कडक, जाड, चमकदार बॅगेवर बोटांनी टकटक करत होते. त्यांनी तिला आडवी केली आणि तिच्यावर बसायला वाकले.

सहदेवभाऊ स्टुलावरून उठले.

"भाऊ, थांबा," ते म्हणाले. "बसू नका. पयले रिकामी उचलून पाहा."

"काऊन?"

"त्यायच्याकडं बारदाना वजा करत नाही," सहदेवभाऊ म्हणाले. "मले ठाव हाय. मी सहदेव मापारी, मोताळ्याचा. माह्याकडून तीन किलो दोनशेची चूक झाली."

प्रेमानंदने बिल लिहायचं थांबवलं. समताही वळून पाहायला लागली. साखरखेर्ड्याच्या बुवांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग बॅगेकडे पाहिलं.

"मंग कोणती घ्याव?" त्यांनी विचारलं.

"ते मी नाही सांगत," सहदेवभाऊ म्हणाले आणि समताकडे हात केला. "ते तिले विचारा. मी फक्त वजन सांगतो." आणि त्यांनी लाल बॅग, बाईच्या हातातली, रिकामी, दोन बोटांवर उचलून डोळे मिटले.